मदत हवी आहे: रात्रीच्या दंडारीत मोठेबाबांचा फोटो कसा काढू?

नमस्कार मंडळी. मी ब्रह्मपुरी तालुक्यातला. भाऊबीज झाली की आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, गावोगावी मंडई (जत्रा) भरते, आणि मंडईच्या रात्री आमच्या गावात दंडार, म्हणजे गाण्या-नाचाचं लोकनाट्य, असते. वडशाच्या (देसाईगंजच्या) कंपन्यांची नाटकं असतात, त्यांच्याबद्दल विचारत नाहीये. त्यांना मंच, पडदे, दिवे सगळं असतं. दंडार आमच्या गावचीच माणसं करतात. दिवसभर धान कापून आलेला माणूस रात्री पायात चाळ बांधतो आणि देवळापुढच्या पटांगणात उतरतो. लोक तिन्ही बाजूंनी जमिनीवर बसतात.

माझे मोठेबाबा तरुणपणापासून दंडारीत आहेत. आधी लुगडं नेसून स्त्रीपात्र करायचे. आता टाळ धरतात आणि गण (सुरुवातीचं गणेशवंदन) झाल्यावर एकच गाणं नाचतात, पण त्या एका गाण्यासाठी शेजारच्या गावचे म्हातारेही येतात. यंदा गुडघे फार धरलेत. हे शेवटचं वर्ष, असं त्यांनी घरी सांगून टाकलंय. घरात त्यांचा दंडारीतला एकच फोटो आहे आणि त्यात ते पाठमोरे आहेत. म्हणून मला यंदा फोटो हवाच आहे.

माझ्याकडे आतेभावाचा जुना डीएसएलआर आहे, छोट्या सेन्सरचा, सोबत आलेली १८-५५ लेन्स (एफ ३.५ ते ५.६). मागच्या वर्षी ऑटोवर काढले. फ्लॅश उघडला तेव्हा पुढच्या रांगेतल्या पोरांची डोकी पांढरी झाली, नाचणारे मागे अंधारात, आणि हवेत सगळे पांढरे ठिपके. शिवाय फ्लॅश पडला की मोठेबाबांची नजर बिचकायची, ते मला फार लागलं. फ्लॅश बंद केला तर चेहरे पांढरेफटक आणि हात-पाय पुसल्यासारखे. त्या फोटोंची माहिती उघडून पाहिली: एफ ५.६ (लेन्सचं उघडणं; आकडा लहान तितका उजेड जास्त), शटर १/१५ सेकंद, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १६००. मी पटांगणाच्या मागच्या कडेला खुर्चीवर उभा होतो आणि लेन्स पूर्ण झूम केली होती. मोबाइलवरच्या काही फोटोंत आडवे काळे पट्टे आले.

उजेड म्हणजे बांबूला बांधलेले दोन मोठे एलईडी दिवे, दोन्ही एकाच बाजूला. तिसरं काही नाही.

ट्रायपॉड घेऊ का? लेन्स घ्यावी लागेल का? धान अजून विकलं गेलं नाही, त्यामुळे फार पैसे नाहीत. आणि तो अंधार मला घालवायचा नाहीये. दंडार रात्रीचीच दिसली पाहिजे.

प्रतिसाद, देसाईगंजहून

भाऊ, मी लग्नाचे फोटो काढतो आणि सीझनमध्ये नाटकांचेही. तुमच्या मागच्या वर्षीच्या आकड्यांतच उत्तर आहे.

ट्रायपॉड घेऊ नका. त्याने कॅमेरा हलायचा थांबेल, मोठेबाबा थांबणार नाहीत. १/१५ मध्ये नाचणारा पाय पुसला जाणारच. निदान १/१०० लागेल. १/१००च का, तर आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे, त्यामुळे साध्या एलईडीचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. शटर त्याहून फार जलद ठेवलं की फोटोत ते पट्टे येतात. १/१०० किंवा १/५० ला उजेडाचा पूर्ण फेरा फोटोत येतो आणि पट्टे बहुतेक जातात.

शटर जलद केलं की उजेड कमी मिळतो, मग तो आणायचा कुठून? खुर्ची सोडा आणि पोरांच्या रांगेत जाऊन खाली बसा. झूम केली की तुमची लेन्स ५.६ वर जाते, १८ ला ती ३.५ ला उघडते. एवढ्यानेच उजेड अडीचपट होतो. आयएसओ १६०० चा ६४०० करा, तो चौपट. दोन्ही मिळून दहापट, म्हणजे १/१५ च्या जागी १/१२५ सुद्धा निघेल. एक रुपया खर्च नाही. अट एवढीच की माणूस दोन-अडीच मीटरवर हवा. दंडारीत तेवढं जवळ बसता येतं, आमच्या नाटकात मध्ये वाजंत्री बसतात म्हणून येत नाही. फोटोत दाणे दिसतील, दिसू द्या. दाणेदार फोटो घरात लागतो, हललेला लागत नाही.

चेहरे पांढरे का झाले तेही सांगतो. मागे काळं आभाळ, पुढे उजळलेला माणूस. कॅमेरा सगळ्या चौकटीची सरासरी काढतो, त्याला अंधार जास्त दिसतो, म्हणून तो उजेड वाढवतो आणि चेहरा जळतो. कॅमेरा एम (मॅन्युअल) वर घ्या आणि आकडे तुम्हीच ठरवा: १/१००, एफ ३.५, ६४००. पहिल्या गाण्यात दोन फोटो काढून स्क्रीन मोठी करून फक्त गाल आणि कपाळ बघा. पांढरे वाटले तर आयएसओ ३२०० करा. दिवे रात्रभर तेच, म्हणून आकडेही तेच राहतील. मागचा अंधार मग आपोआप अंधारच राहतो, तुम्हाला हवा तसा. फाइल रॉ मध्ये (कॅमेऱ्याची मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल) ठेवा, नंतर रंग सावरता येतात.

फोकस मधल्या एकाच बिंदूवर ठेवा आणि तो फेट्याच्या काठावर किंवा डोळ्यावर धरा. सपाट कपड्यावर अंधारात कॅमेरा चाचपडत बसतो. बसायची जागा दिव्यांच्या बाजूलाच, थोडी तिरकी. दिव्यांच्या पलीकडच्या बाजूला बसलात तर तोंडावर सावली येईल.

फ्लॅश अजिबात नको. ते पांढरे ठिपके म्हणजे नाचाने उडालेली धूळ.

प्रतिसाद, साकोलीहून

वरच्या भाऊंनी सगळं सांगितलं, एकच भर घालते. पुढे कधी पैसे झाले तर ५० ची एफ १.८ लेन्स जुनी बघा. तुमच्या ५.६ पेक्षा ती जवळपास दहापट उजेड घेते आणि कॅमेरा उभा धरला तर पाच मीटरवरून उभा माणूस अख्खा येतो. यंदा मात्र नको. नव्या लेन्सचा सराव करायला मंडईची रात्र घालवू नका.

आणि गाणं तुम्हाला पाठ असेलच. ढोलकीचा तोडा संपतो तिथे नाचणारा पाव सेकंद ठरतो. गिरकीच्या मध्ये बटण दाबू नका, त्या ठरण्याची वाट बघा. माझे वडील खडी गंमत (आपल्याकडचं तमाशासारखं लोकनाट्य) करायचे. त्यांचा एकच चांगला फोटो मला मिळाला आणि तो असाच मिळाला.

मूळ लेखक

खूप आभार दोघांचे. काल देवळात तालीम होती, तिथे एकच दिवा होता तरी बसून पाहिलं. १/१००, ३.५, ६४००. फोटो थोडे काळे आले, पण मोठेबाबांचा चेहरा पहिल्यांदा नीट दिसला, सुरकुत्यांसकट. ताई, तोड्याचं तुमचं अगदी खरं निघालं. मी ते गाणं लहानपणापासून ऐकतोय, तरी ते कुठे थांबतात हे काल पहिल्यांदा पाहिलं. एका फोटोत टाळ धरलेला हात हलला आहे आणि चेहरा स्थिर आहे. तो आईला इतका आवडला की मी पुसला नाही.

एक अडचण उरली आहे. मध्यरात्रीनंतर दव पडतं, काल लेन्सवर धुकं धरलं. शर्टाने पुसलं, ते बरोबर केलं की नाही?

प्रतिसाद, देसाईगंजहून

शर्टाने नको, धूळ असेल तर ओरखडे पडतात. चष्म्याचं मऊ कापड खिशात ठेवा आणि फोटो काढत नसाल तेव्हा झाकण लावून कॅमेरा घोंगडीत ठेवा. घरी गेल्यावर लगेच पिशवीतून काढू नका. बाहेरून गार झालेल्या काचेवर घरातल्या उबेने पुन्हा पाणी धरतं. सकाळपर्यंत पिशवी बंद राहू द्या. दुसरी बॅटरी नसेल तर मध्ये मध्ये स्क्रीन बघत बसू नका, मोठेबाबांच्या गाण्यासाठी ती राखून ठेवा.