मदत हवी आहे: २००४ ची बारोलो (इटलीची रेड वाईन) अजून ठेवू की पिऊन टाकू?

वाईन जाणणाऱ्यांनी जरा सांगा. सेरालुंगा दाल्बा या गावची २००४ ची बारोलो उघडली आहे. ग्लास तिरका केला की कडेला विटकरी-नारिंगी छटा दिसते, म्हणजे वाईन मुरल्याची खूण, पण बारोलो ज्या द्राक्षाची त्या नेब्बिओलोचा रंग मुळातच फिका, त्यामुळे नुसत्या रंगावर माझा भरवसा नाही. वास सुरेख: सुकलेले गुलाब, चामडं, डांबर. (डांबराचा वास आवडू शकतो हे घरच्यांना पटत नाही!) अडचण चवीत आहे. आंबटपणा ताजा, पण टॅनिन (वाईनमधला तुरटपणा) अजून हिरड्या आवळतंय आणि फळाची चव मागे पडलीय. सेरालुंगाच्या वाईन कणखर असतात हे मान्य. पण टॅनिन मऊ होईपर्यंत फळ टिकेल का? दुसरी बाटली शिल्लक आहे. ती डिकँट करावी (आधी दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यावी), की उभी ठेवून गाळ बसल्यावर थेट ग्लासात हलकेच ओतावी?