आयटीआयएन आधी नाही, रिटर्नसोबतच

बायको एच-४ वर (नोकरीच्या व्हिसावरच्या माणसाच्या जोडीदाराचा व्हिसा), सोशल सिक्युरिटी नंबर नाही, मग अमेरिकेत नवरा-बायकोचं जॉइंट टॅक्स रिटर्न भरण्याआधी तिचा आयटीआयएन (सोशल सिक्युरिटी नंबर नसणाऱ्यांचा कर क्रमांक) काढायचा का, असं तुम्ही विचारलंय. नाही, वेगळा आधी काढायचा नाही. डब्ल्यू-७ फॉर्म, म्हणजे आयटीआयएनचा अर्ज, रिटर्नलाच जोडून कागदी पाठवायचा, १०४० वर, म्हणजे रिटर्नच्या फॉर्मवर, तिच्या नंबराची जागा कोरी ठेवायची.

खरा घोर अर्जासोबत ओळखीसाठी लागणाऱ्या पासपोर्टचा. नोटरीची झेरॉक्स चालत नाही. मूळ पासपोर्ट, नाहीतर तो देणाऱ्या कार्यालयानेच प्रमाणित केलेली प्रत लागते. आम्ही मूळच टपालात टाकला. नेमके तेव्हाच सासरे आजारी पडले आणि हिला पुण्याला निघता येईना. रोज संध्याकाळी ती टपालपेटी उघडून बघायची, ते अजून आठवतं. म्हणून कळकळीने सांगतो, सर्टिफाइंग अॅक्सेप्टन्स एजंट, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याने अशा तपासणीसाठी मान्यता दिलेला एजंट, गाठा. तो पासपोर्ट तपासून तिथल्या तिथे परत देतो. फी घेतो, पण द्या.

आणि हो, जॉइंट भरलंत की तिच्या भारतातल्या एफडीचं व्याजही दाखवावं लागतं. हे बरेच जण विसरतात. रिटर्नच्या मुदतीची, १५ एप्रिलची, वाट बघू नका, कागदपत्रं आत्ताच जमवायला घ्या.