ऑल-इन-वन पीसीचा फॅन दिवसभर सूंऽऽ करतोय आणि मशीन तापून मधेच बंद पडतंय, काय करू?

पत्रिकावाला_अकोला
नमस्कार मंडळी. अकोल्यात माझं डीटीपी आणि झेरॉक्सचं छोटं दुकान आहे, टेबलावर जागा नाही म्हणून चार वर्षांपूर्वी २४ इंची ऑल-इन-वन (स्क्रीनच्या मागेच अख्खा कॉम्प्युटर बसवलेला) घेतला, आय फाइव्ह, ८ जीबी रॅम आणि साधी हार्ड डिस्क. तीन वर्षं काही त्रास नव्हता पण या मे महिन्यात चालू केल्यापासून दहा मिनिटांत फॅन जो सूंऽऽ सुरू होतो तो दुकान बंद करेपर्यंत, समोरच्या गिऱ्हाइकाला पत्रिकेतली नावं ओरडून सांगावी लागतात. आणि या आठवड्यात तीनदा कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधून पीडीएफ काढताना मशीन धप्पकन बंद पडलं, एका पत्रिकेचं दोन तासांचं काम गेलं आणि लग्न चार दिवसांवर होतं. यूपीएस बदलून पाहिला, तो नाही. मागच्या जाळीतून ब्लोअर मारला तर पांढरा धुरळा निघाला, एक दिवस बरं चाललं मग पहिल्यापेक्षा जास्त. एका रिपेअरवाल्याने न उघडताच मदरबोर्ड गेला म्हणून सांगितलं आणि साडेचौदा हजार सांगितले. सीझनच्या मधोमध एवढे पैसे घालायचे म्हणजे विचार करावा लागतो. खरंच बोर्ड गेला असेल का?

सोल्डरगन
भाऊ, घाई करू नका, बोर्ड गेलेलं मशीन असं वेळ बघून पीडीएफ काढतानाच बंद पडत नाही. दोन गोष्टी सांगा. एक, आवाज हवेचा आहे की घासण्याचा? सूंऽऽ म्हणजे फॅन चांगला आहे आणि जोरात पळतोय. घर्रर्र घर्रर्र येत असेल, त्यातही सकाळी चालू करताना जास्त आणि मग कमी, तर बेअरिंग सुकलंय आणि फॅनच बदलावा लागेल. दोन, एचडब्ल्यूमॉनिटर हे टेंपरेचर दाखवणारं सॉफ्टवेअर टाका, फुकट आहे, आणि काही न करता किती टेंपरेचर दाखवतं आणि पीडीएफ काढताना किती ते लिहा. आणि दुकानाच्या आजूबाजूला काय आहे?

पत्रिकावाला_अकोला
आवाज हवेचाच. नुसतं चालू असताना ६८, पीडीएफला लावलं की अर्ध्या मिनिटात ९९-१००. शेजारी पिठाची गिरणी आहे, मधे फक्त पत्र्याचं पार्टिशन. आणि माझा कूलर बरोबर मशीनच्या मागून येतो.

टेबलफॅन_झिंदाबाद
मी तर मागचं झाकणच काढून ठेवलंय आणि टेबलफॅन लावलाय, दोन वर्षं झाली, खर्च शून्य.

सोल्डरगन
तुमच्याकडे चालत असेल पण गिरणीशेजारी हे अजिबात करू नका. ऑल-इन-वनच्या आत बहुतेक लॅपटॉपचेच पार्ट असतात. एक चपटा ब्लोअर फॅन, त्याच्या तोंडाशी तांब्याच्या किंवा अॅल्युमिनियमच्या बारीक पात्यांची जाळी आणि प्रोसेसरपासून तिथपर्यंत उष्णता आणणारी नळी, म्हणजे हीट पाइप. बऱ्याच मॉडेलमध्ये हवा खालच्या किंवा मागच्या भोकांतून आत येते आणि वरून बाहेर पडते, झाकण असेल तरच ती हवी त्या रस्त्याने जाते. झाकण काढलं की पीठ थेट बोर्डावर बसणार.

अकोलावाले भाऊ, तुमचं दुखणं मला तरी स्पष्ट दिसतंय. पीठ फॅनमध्ये शिरतं आणि त्या पात्यांच्या तोंडाशी अडकतं, वरून कूलरची दमट हवा, म्हणजे ते भुरभुरीत न राहता चिकटून बसतं. फॅन आणि पाती यांच्या मधे त्याचा थर जमतो आणि तो बाहेरून दिसतच नाही. फॅन जीव तोडून पळतो पण हवा पुढे जात नाही. शंभरच्या आसपास प्रोसेसर आधी स्वतःचा स्पीड कमी करतो, तेवढ्यानेही भागलं नाही की जळू नये म्हणून मशीन बंद करतो. बाहेरून ब्लोअर मारला तेव्हा सुटं पीठ उडालं आणि बाकीचं अजून आत दाबलं गेलं, म्हणून दुसऱ्या दिवशी जास्त झालं.

उघडावंच लागेल. वायर काढा, पॉवरचं बटण १५ सेकंद दाबून धरा. स्क्रीन खाली करून गादीवर झोपवा, स्टँड काढा, झाकणाच्या कडेने जुनं एटीएम कार्ड फिरवत क्लिपा सोडवा. तुमच्या मॉडेलचा उघडायचा व्हिडिओ आधी पूर्ण बघा कारण काहींत काच पुढून चिकटवलेली असते, तसं असेल तर स्वतः हात घालू नका. आत पॉवर सप्लायचा बंद डबा दिसला तर तो उघडायचा नाही, वायर काढली तरी त्यात करंट राहतो. प्रत्येक स्टेपला मोबाइलवर फोटो काढा. फॅन सोडवून बाजूला घ्या, ब्रशने थर काढा आणि मगच ब्लोअर मारा, पण फॅनचं पातं बोटाने धरून, नाहीतर तो भलत्या स्पीडने फिरून बेअरिंग जातं. चार वर्षांत थर्मल पेस्टही (प्रोसेसरची उष्णता वरच्या धातूच्या हीटसिंकला पोचवणारा लेप) सुकलेली असणार. आयसोप्रोपिल अल्कोहोलने जुनी पुसा, नवी वाटाण्याच्या दाण्यापेक्षा कमी लावा आणि स्क्रू तिरपे, आलटून पालटून थोडे थोडे आवळा. हीटसिंकखाली रबरासारख्या मऊ पट्ट्या असतील त्या फेकू नका, तिथे पेस्ट चालत नाही.

रात्रपाळी
उघडायला वेळ मिळेपर्यंत एक करा, सीझनमध्ये कामाला येईल. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये अॅडव्हान्स सेटिंग, त्यात प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट, त्यात मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट १०० चं ९९ करा. एकाने काय होणार असं वाटेल पण त्याने टर्बो, म्हणजे जड कामाला प्रोसेसर जादा स्पीडने पळतो तो प्रकार, बंद होतो, माझ्याकडे तेवढ्यावरच १५ डिग्री उतरलं होतं. पीडीएफ जरा हळू निघेल, टायपिंगला काही फरक नाही. टास्क मॅनेजर उघडून मागे अँटीव्हायरसचं स्कॅन चालू नाही ना तेही बघा. फॅनचा स्पीड बदलायची सॉफ्टवेअर मात्र डाउनलोड करत बसू नका, ऑल-इन-वनचा फॅन बहुतेक वेळा त्यांना सापडतच नाही आणि सापडला तरी तापणाऱ्या मशीनचा फॅन कमी करणं म्हणजे दुखण्याकडे पाठ फिरवणं.

क्लासवाल्या_ताई
आमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये असे नऊ आहेत. दोनच गोष्टी सांगते. भिंतीपासून वीतभर तरी पुढे ठेवा आणि वरच्या भोकांवर काहीही ठेवू नका, एका मशीनवर कुणीतरी धूळ बसू नये म्हणून रुमाल टाकून ठेवायचं आणि तेच सारखं तापायचं. दुसरं, खोलीत ४४ असेल तर कुठलाच फॅन त्याच्याखाली नेणार नाही, त्यामुळे भर दुपारी जड कामं लावू नका, सकाळी उरकून घ्या.

पत्रिकावाला_अकोला
सगळ्यांचे मनापासून आभार, रविवारी उघडलं. भाचा सोबत होता, दोन तास गेले, एक क्लिप तुटली. सोल्डरगन दादा, तुम्ही म्हणाला तसंच, अगदी तसंच. फॅन उचलला आणि मागे जाळी दिसेचना, राखाडी रंगाचा एक पट्टा, बोटभर लांब, नमद्यासारखा. चिमट्याने ओढला तर अख्खा एका तुकड्यात निघाला आणि नाकाजवळ नेला तर ज्वारीच्या पिठाचा वास. पेस्ट खडूसारखी झाली होती, नखाने उडत होती. आता नुसतं चालू असताना ५१, पीडीएफला ८०, तेही ९९ वालं सेटिंग परत १०० करून. फॅन फिरतो पण कान लावल्यावरच कळतं. बोर्ड ठणठणीत आहे, पेस्ट आणि अल्कोहोल मिळून साडेतीनशे खर्च आला. कूलर दाराशी नेला आणि पार्टिशनच्या फटींत फोम भरला. आता हार्ड डिस्कची करकर ऐकू येते, ती आधी फॅनखाली दबली होती. तिच्या जागी एसएसडी (आत काही फिरत नाही अशी डिस्क) टाकावी म्हणतो, कोणत्या साइजची घेऊ?

सोल्डरगन
वा भाऊ, लई भारी काम केलं! करकर येतेय म्हणजे आधी सगळ्या पत्रिकांच्या फाइल पेनड्राइव्हवर काढा, आजच. डिस्कवर २.५ इंच लिहिलंय का बघा, असेल तर साधी २.५ इंची साटा (हार्ड डिस्कच्याच जोडणीची) एसएसडी त्याच जागी बसते. आणि दर तीन महिन्यांनी ते टेंपरेचर एकदा बघत जा, ५१ चं ६० झालं की परत उघडायची वेळ आली.