वायरशिवाय बस चार्ज होते म्हणे

देशपांडे काका: फॉरवर्ड आलाय, बस धावता धावता रस्त्यातूनच चार्ज होते. खरंय की नेहमीसारखी थाप?

रोहन: खरंय काका, आणि नवीनही नाही. दक्षिण कोरियात गुमीला २०१३ मध्येच अशा बस सुरू झाल्या. रस्त्याखाली तारेची वेटोळी, बसच्या पोटाशी दुसरी, मध्ये १७ सेंटिमीटरची फट.

देशपांडे काका: म्हणजे सगळा रस्ता खणायचा?

रोहन: नाही, मार्गाचा ५ ते १५ टक्के भाग पुरतो.

देशपांडे काका: आणि वरून चालणाऱ्याला शॉक बसला तर?

रोहन: फटीतून वीज येत नाही, बदलतं चुंबकीय क्षेत्र येतं आणि त्यानं बसच्या वेटोळ्यात वीज तयार होते. शास्त्रज्ञ फॅरेडेनं १८३१ मध्ये दाखवलेलंच. आपल्या ट्रान्सफॉर्मरच्या दोन गुंडाळ्या लांब केल्या असं समजा. बस वर आली की तेवढाच तुकडा चालू होतो.

अनघाताई: मी रात्री फोन वायरलेस चार्जरच्या चकतीवर ठेवला, सकाळी बघते तर १९ टक्के. दोन बोटं सरकला होता फक्त! आणि फोनची पाठही गरम. ड्रायव्हर एवढी मोठी बस नेमकी वेटोळ्यावर कशी आणणार?

रोहन: ताई, खरी गोम तीच आहे. म्हणून बऱ्याच ठिकाणी चालता चालता नाही, उभं राहूनच चार्जिंग करतात. ब्रिटनमध्ये मिल्टन कीन्सला २०१४ मध्ये ७ नंबरच्या मार्गावर ८ बस आल्या. शेवटच्या थांब्यावर बस उभी केली की बसखालची प्लेट रस्त्याच्या अगदी जवळ खाली यायची.

शिंदे (सचिव): हा ग्रुप सूचनांसाठी आहे. बरं, मीही विचारतो. केबल लावायला असा किती वेळ लागतो? हा खटाटोप कशासाठी?

रोहन: शिंदे साहेब, केबलचा कंटाळा हा मुद्दाच नाही. दिवसभराची वीज एकदम भरायची तर ३०० युनिटची बॅटरी लागते, म्हणजे दोनेक टन वजन नुसतं वाहायचं. दर फेरीला १० मिनिटं १२० किलोवॅटनं भरलं तर २० युनिट येतात, बस तेवढ्यात १५-२० किलोमीटर जाते. मग बॅटरी लहान चालते.

शिंदे (सचिव): गळती?

रोहन: आहे. गुमीत जास्तीत जास्त ८५ टक्के वीज पोचत होती, बाकी उष्णतेत गेली. शिवाय वेटोळं बिघडलं की रस्ता उकरा. डेपोत रात्रभर थांबणाऱ्या बसला केबलच बरी, माझं तरी हेच मत. हे सगळं दिवसभर फेऱ्या मारणाऱ्या बससाठी.

अनघाताई: आणि मध्ये लोखंडी खिळा वगैरे पडला तर?

रोहन: तापेल, चांगलाच. म्हणून फटीत धातू आला की सप्लाय आपोआप बंद करणारे सेन्सर बसवतात.

देशपांडे काका: मला पेसमेकर आहे रे.

रोहन: काका, बसमध्ये बसल्यावर खालचा धातूचा पत्रा बरंचसं क्षेत्र अडवतो. तरी डॉक्टरांना विचारूनच चढा.

अनघाताई: मी आता चकतीभोवती पेन्सिलनं फोनची चौकट आखली आहे. ड्रायव्हरला पण तशीच द्या म्हणावं.