कोथरूड ते वाघोली: चार फुटी रीफ टँक हलवायचाय, जुन्या वाळूचं काय करू?

खारट_कोथरूडकर

नमस्कार मंडळी. मेच्या शेवटी घर बदलतोय. सध्या दुसरा मजला, नवीन घर सातव्या मजल्यावर. टँकचा, म्हणजे प्रवाळ आणि समुद्री माशांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीचा, तपशील देतो.

टाकी ४×२×२ फूट, १२ मिमी काच, वरून काचेच्या पट्ट्या. खाली तीन फुटी संप (फिल्टर आणि पंपाची जोडटाकी), तो धरून पाणी साधारण ४३० लिटर. सिमेंट-सिरॅमिकचा कृत्रिम खडक ३५ किलो, चार वर्षांत पुरता जांभळा झालेला. वाळू तीन इंच, तीही चार वर्षांची, काचेतून खालच्या थरात काळे पट्टे दिसतात. कोरल सगळे सॉफ्ट: झोअँथिड, मशरूम, दोन लेदर, त्यातला एक ताटाएवढा. एक बबल टिप ॲनिमोनी (समुद्रफूल). मासे सहा: क्लाउनची जोडी, यलो टँग, सिक्सलाइन रास, फायरफिश, रॉयल ग्रामा.

पॅकर्सवाले म्हणतात, "चार इंच पाणी आणि वाळू तशीच राहू द्या, सहा माणसं लावून अलगद उचलतो." हे चालेल का? आणि जुनं पाणी किती न्यायचं?

---

संपवाला

अजिबात चालणार नाही. रिकामी टाकीच ८५ ते ९० किलोची. तीन इंच ओली वाळू शंभर किलोच्या वर, त्यावर चार इंच पाणी म्हणजे आणखी ७५ लिटर. पावणेतीनशे किलो झाले. वजन माणसं उचलतीलही, पण टाकीचा तळ स्टँडवर सगळीकडून टेकलेला असतो, हातांवर तो फक्त कडांनी पेलला जातो. जिन्याच्या वळणावर पाणी एका बाजूला गेलं की सगळा ताण खालच्या सिलिकॉनच्या जोडावर. जोड त्याच दिवशी सुटेल असंही नाही. आठ-पंधरा दिवसांनी कोपऱ्यातून घाम फुटल्यासारखं पाणी येतं. टाकी पूर्ण रिकामी करून चार माणसांनी तळाला हात घालून उचलायची. वरच्या पट्ट्यांना धरून कधीच नाही.

आता वाळू. ते काळे पट्टे म्हणजे प्राणवायू न पोचलेला थर. तो ढवळला की हायड्रोजन सल्फाइड आणि चार वर्षांचा साठलेला मळ एकदम पाण्यात येतो, सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. घर बदलताना मासे मरतात ते प्रवासापेक्षा बहुधा या वाळूने. माझं मत स्पष्ट आहे: जुनी सगळी फेका, नवी धुऊन टाका. एक इंच थराला २८ ते ३० किलो पुरेल. नायट्रोजन चक्राचे जिवाणू मुख्यतः खडकावर असतात, खडक ओला राहिला तर वाळू गेल्याने टाकी कोसळत नाही.

क्रम महत्त्वाचा, कारण बरेच जण आधी मासे पकडायला जातात आणि तासभर जाळी फिरवत खडकाभोवती वाळू ढवळून ठेवतात.

आधी हीटर, पंप, वेव्हमेकर (टाकीत प्रवाह करणारा पंप) बंद. हीटर गार व्हायला दहा-पंधरा मिनिटं द्या, गरम हीटर पाण्याबाहेर आला की काच तडकते. मग वरून, पृष्ठभागाजवळून, छोट्या पंपाने स्वच्छ पाणी काढून डब्यांत भरा. तळाशी नळी घालू नका. साधारण निम्मं पाणी निघालं की कोरल, मग खडक. खडक निघाले, पाणी पाच-सहा इंचांवर आलं की मासे दोन जाळ्यांत पाच मिनिटांत सापडतात. मासे बाहेर पडल्यावरच वाळूला हात. तळाचं गढूळ पाणी मोरीत.

जुनं पाणी २०० लिटर न्या, म्हणजे वीस लिटरचे दहा जार. जुन्या पाण्यात जिवाणू असतात म्हणून नव्हे, तसे ते फारसे नसतातच. कोरलना सवय झालेली केएच (पाण्यातल्या कार्बोनेटचं माप) आणि कॅल्शियम एका दिवसात बदलू नये एवढ्यासाठी. बाकीचं पाणी नवीन, पण ते नव्या घरी आदल्या दिवशीच तयार असलं पाहिजे. सगळी उस्तवार तिथे अडते. इथे टाकी रिकामी करायला दोन तास लागतात, तिथे मीठ विरघळायची वाट बघत मासे बादलीत सात तास बसतात.

सामान छोट्या हत्तीत बसतं. पाणी २००, टाकी ९०, स्टँड ५०, खडक आणि बाकी पसारा धरून साडेचारशे किलोच्या आत. टाकीखाली गादी टाका आणि ती लांबीने गाडीच्या दिशेतच ठेवा, आडवी नको.

---

प्रवाळ_पेठ

संपवाल्यांशी नव्वद टक्के सहमत. वाळूबाबत थोडा मतभेद. सगळी फेकू नका. पाणी उतरवण्याआधी, मासे टाकीत असतानाच, वरचा अर्धा इंच स्वच्छ भाग चहाच्या कपाने हलकेच खरवडून दोन लिटरभर काढून ठेवा. त्यात कोपेपॉड (माशांचं खाद्य असलेले सूक्ष्म जीव) आणि बारीक कृमी असतात, ते विकत आणायला जाल तर महाग पडतात. कप काळ्या थराला लागला की थांबायचं. ही वाळू उथळ डब्यात पाण्याखाली, झाकण उघडं, एअरस्टोन लावून. नव्या वाळूवर शेवटी पसरा.

आता जिवांचं. माशांना ३६ तास आधीपासून खाणं बंद, म्हणजे बादलीत घाण कमी आणि अमोनिया कमी. टँग वेगळा, रास वेगळा. क्लाउनची जोडी एकत्र चालते. फायरफिशला घट्ट झाकण लागतंच, तो बारीक फटीतूनही उडी मारतो. वीस लिटरच्या बादल्या दोन-तृतीयांशच भरा, वरची हवा हवीच. बॅटरीवरचे एअरपंप चार घ्या, एक बंद पडेल हे गृहीत धरून. बादल्या थर्माकोलच्या खोक्यांत बसवा. गणेश पेठेतल्या मासळी बाजारात बर्फाच्या मासळीची खोकी मिळतात, आतून साध्या पाण्याने धुऊन घ्या, साबण लावू नका. मेमध्ये बंद टेम्पोत दुपारी पाणी सहज ३२ अंशांवर जातं. मासे टेम्पोत नकोतच, एसी लावलेल्या कारमध्ये.

लेदरला स्वतंत्र बादली द्या. डिवचला की तो पाण्यात विषारी द्रव्यं सोडतो, बाकीचे कोरल मिटून बसतात. नव्या घरी टाकीत पहिल्या दिवसापासून २०० ग्रॅम कार्बन लावा. मग लेदरवर मेणचट पापुद्रा येईल आणि तो आठ-पंधरा दिवस मिटलेला राहील. मेला समजून फेकू नका. वेव्हमेकरचा झोत अंगावरून जाऊ दिला की पापुद्रा आपोआप सुटतो.

झोअँथिड हाताळताना हातमोजे आणि चष्मा. यांच्यात पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असू शकतं. त्या खडकावर कोरडा ब्रश किंवा गरम पाणी अजिबात नको, वाफ किंवा तुषार नाकाडोळ्यांत गेले तर दवाखान्याची वेळ येते.

ॲनिमोनीला नखाने सोडवायला जाऊ नका. पाय फाटला की तो सडतो आणि त्याच्यासोबत अर्धी टाकी. खडकावर असेल तर खडकासकट न्या. काचेवर असेल तर जुनं एटीएम कार्ड पायाच्या कडेखाली सावकाश सरकवत जा, दहा मिनिटं लागू द्या. नव्या घरी टाकीत तो जागा शोधत भटकणार, त्यामुळे आठवडाभर वेव्हमेकरच्या तोंडाला जाळी बांधा.

एक गोष्ट विषयाला सोडून नाही म्हणून सांगतो. खडक कृत्रिम आणि कोरल सॉफ्ट आहेत हे बरं आहे. सगळे दगडी प्रवाळ, सी-फॅन, ऑर्गन पाइप हे १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात येतात, मेलेला सांगाडाही त्यातून सुटत नाही. नवीन वाळू घेताना कुणी "समुद्रातला खरा कोरलचा चुरा" म्हणून विकत असेल तर हात लावू नका.

---

खारट_कोथरूडकर

फारच उपयोगी. पॅकर्सना आताच नकार कळवला. दोन अडचणी. वाघोलीच्या सोसायटीत टँकरचं आणि बोअरचं पाणी, मीटरवर टीडीएस ९०० च्या आसपास दाखवतो. आरओ माझ्याकडे दिवसाला ७५ गॅलनचा आहे, पुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार धरणारे दाणे). आणि दुसरं, सातव्या मजल्यावर एवढं वजन स्लॅब पेलेल ना?

---

टीडीएस_शून्य

पाण्याचं उत्तर सोपं आहे: वाघोलीत आरओ लावूच नका, निदान या खेपेला तरी. मेम्ब्रेन ९६–९७ टक्के क्षार अडवतो असं धरलं तरी ९०० चे ३० उरतात. ते तीस रेझिनच्या गळ्यात, आणि अडीचशे लिटर व्हायच्या आत रेझिनचा रंग उतरतो. कोथरूडला खडकवासल्याचं पाणी येतं, ते त्यामानाने कितीतरी हलकं. तिथेच आरओ करा. ७५ गॅलनचा मेम्ब्रेन कागदावर दिवसाला २८० लिटर देतो, पण तो आकडा चांगल्या दाबाचा. बूस्टर पंप नसेल तर १५० धरा. तीन दिवसांत काम होईल. आधीच्या रविवारी कारने जार वाघोलीत नेऊन ठेवा.

तिथे दोनशे लिटरचे दोन निळे ड्रम घ्या. खाद्यपदार्थांचे, केमिकलचे धुतलेले नव्हेत. झाकण उघडून वास घ्या, जराही आंबूस किंवा रॉकेलसारखा वाटला तर परत. २५० लिटरला, लिटरमागे ३७ ग्रॅमच्या हिशेबाने, सव्वानऊ किलो समुद्री टाकीचं मीठ. आधी पाणी, मग पंप चालू, मग मीठ थोडं थोडं. उलट केलंत तर कॅल्शियम आणि कार्बोनेट एकमेकांना धरून पांढरा साका बसतो आणि तो परत विरघळत नाही. २४ तास फिरू द्या, तापमान २६, खारटपणा ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग). खारटपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर ३५ च्या द्रावणाने जुळवा. आरओच्या थेंबाने शून्यावर जुळवलेला मीटर ३५ ला दोन-तीन अंकांनी सहज चुकतो.

मग केएच मोजा, हे बहुतेक जण विसरतात. एकाच कंपनीच्या साध्या आणि कोरलवाल्या मिठांत ८ आणि १२ एवढा फरक असतो. जुन्या टाकीत ८ आणि नव्या पाण्यात १२ असेल तर निम्म्या मिश्रणाने एका दिवसात १० होईल. सॉफ्ट कोरल निभावतात, पण उगीच कशाला? जे मीठ नेहमी वापरता तेच वापरा.

---

संपवाला

स्लॅबबद्दल. भरलेली टाकी, संप, स्टँड, खडक धरून ६५० किलोच्या आसपास, आणि ते सगळं पाऊण चौरस मीटरवर. घरातल्या खोल्यांसाठी आयएस ८७५ या भारतीय मानकात चौरस मीटरला सुमारे २०० किलो धरलेत, पण तो भार सगळ्या खोलीभर पसरलेला. म्हणून टाकी भिंतीला लागून, जिच्याखाली बीम आहे अशा भिंतीपाशी, शक्यतो कॉलमच्या जवळ. खोलीच्या मधोमध पार्टिशनसारखी नको, बाहेर काढलेल्या बाल्कनीत तर नकोच. बीम कुठल्या भिंतीखाली आहे ते बिल्डरच्या नकाशात असतं. तो सोसायटीकडून मागून एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, अंदाजावर जाऊ नका.

स्टँड बसवल्यावर लांबीत, रुंदीत आणि कर्णात लेव्हल ट्यूब लावा. पाचर टाकीखाली नाही, स्टँडच्या पायाखाली.

प्लंबिंगचे जोड आधीच चिकटवून ठेवा. सॉल्व्हंट लावून दोन तासांत पाणी सोडलं की जोड निसटतो, वर त्याचा अंश पाण्यात उतरतो. युनियन (आटे फिरवून उघडणारे जोड) असतील तिथेच खोला. बल्कहेडचे (काचेच्या भोकातल्या पाइपजोडाचे) रबर नवीन घाला, चार वर्षांचं दबलेलं रबर परत तसंच बसत नाही.

टाकी जागेवर आली की आधी खडक थेट काचेवर रचा, मग भोवती वाळू. वाळूवर खडक ठेवलात तर गोबी किंवा गोगलगाय खालून पोखरते आणि खडक काचेवर आपटतो. तळाच्या जोडांलगत बाहेरून टिश्यू पेपरच्या पट्ट्या चिकटवा, अर्ध्यापर्यंत पाणी भरा आणि पाऊण तास थांबा. टिश्यू कोरडा राहिला तर पुढे. पूर्ण भरल्यावर रिटर्न पंप (संपातून पाणी वर चढवणारा) मुद्दाम बंद करा आणि संप ओसंडतो का पाहा. पाइपची उंची इंचभर बदलली तरी परत येणारं पाणी एकोणीस-वीस लिटरने वाढतं, आणि वाघोलीत वीज जाणार ती रात्री अडीचलाच.

वाळूच्या कपाबद्दल प्रवाळ_पेठ यांचं मान्य.

---

खारट_कोथरूडकर

शुक्रवारी सुट्टी मिळतेय. पहाटे निघावं म्हणतो. आणि नंतर टेस्ट किती दिवस?

---

टीडीएस_शून्य

शुक्रवार टाळा. पाणीपुरवठ्याचं दुरुस्तीचं काम निघालं की पुण्यात बहुतेक गुरुवारीच पाणी बंद असतं, आणि शुक्रवारी सकाळी उशिरा, कमी दाबाने. वाळू धुवायला आणि बादल्या विसळायला नळाला पाणी लागेल. वीजदुरुस्तीचे शटडाउनही बऱ्याचदा गुरुवारचेच. रविवारी पहाटे पाचला सुरू करा, साडेसातला गाडी निघाली पाहिजे. नऊनंतर नगर रस्त्याला लागलात तर बादलीतल्या तासांचा हिशेब करू नका. सोसायटीत रविवारी सामान चढवू देतात का आणि लिफ्ट किती वाजल्यापासून मिळते, हे आधी लेखी घ्या.

अमोनिया पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या दिवशी. ०.२५ पीपीएम दिसला की २५ टक्के पाणी बदला, म्हणून शंभर लिटर मिठाचं पाणी जास्तीचं हाताशी असू द्या. अमोनिया बांधणारं औषध टाकणार असाल तर सॅलिसिलेटवाला टेस्ट किट घ्या, नेसलरवाला अशा पाण्यात खोटं वाढलेलं दाखवतो. लाइट पहिला आठवडा निम्मे, खाणं दिवसाआड चिमूटभर. स्किमर (फेसातून मळ काढणारं यंत्र) दोन दिवस वेड्यासारखा फेस काढेल, त्याचा कप उतरवून ठेवा.

---

प्रवाळ_पेठ

एक राहिलंच. ग्रामा आणि सिक्सलाइन घाबरले की खडकाच्या भोकात शिरतात आणि खडकासोबत बाहेर येतात. प्रत्येक खडक बादलीवर भोकं खाली करून तिरका धरा, अर्धा मिनिट थांबा, आतलं पाणी निथळलं की मासा आपण होऊन खाली पडतो. मगच खडक ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळा.