विंडोजवर डब्ल्यूएक्सविजेट्स बिल्ड झालं, पण सेटअप डॉट एच सापडत नाही

प्रश्न: नमस्कार मंडळी, मिंगडब्ल्यूने (विंडोजवरचा जीसीसी कंपायलर) डब्ल्यूएक्सविजेट्स, म्हणजे विंडो-बटणं बनवायची सी++ लायब्ररी, सोर्समधून कंपाइल केली, बिल्डमधल्या एमएसडब्ल्यू फोल्डरात जाऊन मेक चालवलं, तासभर लागला पण एरर एकही नाही. आता साधी एक विंडो उघडायचा कोड लिहिला तर म्हणतंय सेटअप डॉट एच (लायब्ररीच्या सेटिंग्जची हेडर फाइल) नाही, आणि इन्क्लुडमध्ये बघितलं तर तिथे खरंच नाहीये. दोन रात्री गेल्या यात, प्लीज सांगा.

उत्तर: अरे ती तिथे नसतेच. बिल्ड करताना ती लिब फोल्डरात जाते, म्हणजे स्टॅटिक (लायब्ररी एक्झीतच जाते) असेल तर जीसीसी लिब, शेअर्ड (लायब्ररी वेगळ्या डीएलएल फाइलमध्ये राहते) असेल तर जीसीसी डीएलएल, आणि त्याच्या आत एमएसडब्ल्यूयू. डीबग (चुका शोधण्यासाठीचं बिल्ड) असेल तर नावाच्या शेवटी डी लागतो, आणि तू मेकला काही सांगितलं नसशील तर डीबगच झालंय. कंपायलरला इन्क्लुड फोल्डर आणि हा फोल्डर, असे दोन्ही पाथ दे.

उत्तर: वरचं बरोबर. अजून एक, लायब्ररी ज्या कंपायलरने केलीस त्यानेच प्रोग्रॅम कर, व्हिज्युअल स्टुडिओ आणि मिंगडब्ल्यूची सरमिसळ केलीस तर लिंकर ढीगभर एरर ओकतो. शेअर्ड असेल तर डीएलएल एक्झीशेजारी ठेव. पुढच्या वेळी मेकला जे ८ दे, म्हणजे एकाच वेळी आठ फाइल्स कंपाइल होतात, कोअर जास्त असतील तर बराच वेळ वाचतो.

प्रश्नकर्ता: डी वालाच फोल्डर होता! विंडो उघडली, खूप खूप आभार दोघांचे.