मदत हवी आहे: संत्र्याच्या प्रतवारीवाल्यांना त्यांच्या कामाची खबर कशी पोचवावी?

नागपूरच्या कळमना बाजाराजवळच्या पॅकिंग शेडमधला प्रश्न आहे. मजुरी वेळेवर मिळते, तरी भर आंबिया बहारात (संत्र्याच्या एका हंगामात) माणसं काम सोडतात. हॅकमन आणि ओल्डहॅम या कामाच्या मानसशास्त्राच्या अभ्यासकांच्या 1976 च्या मांडणीत काम अर्थपूर्ण वाटायला कौशल्यातली विविधता, अख्खं काम आपल्या हातून होणं आणि त्याचा कुणाला तरी उपयोग, या गोष्टी येतात. इथं तिन्हींची बोंब.

देठ ओढून तोडलेलं किंवा सालीला नख लागलेलं फळ वेगळं काढलं नाही, तर हिरवी बुरशी धरते. पण ती दिसते काही दिवसांनी, दूरच्या बाजारात. निवडणाऱ्या बाईला त्याचा पत्ताच नसतो.

पेटीवर टोळीचा क्रमांक टाकून व्यापाऱ्याकडून फोटो मागवायचा विचार आहे. मात्र नुसत्या सडक्या पेट्यांचेच फोटो आले तर ती शिक्षाच वाटेल. चांगल्या पेटीचाही फोटो पाठवायला व्यापाऱ्याला राजी कसं करता? आणि निवड, भरणी, वजन आलटून-पालटून दिलं तर वेग किती दिवस पडतो? कुणी केलं असेल तर सांगा ना जी.